वस्तू आणि तिचे गाव : महाराष्ट्रातील वस्तुसंग्रहालयांची वाटचाल

महाराष्ट्रात पहिले वस्तुसंग्रहालय निघाले ते इतिहास जपण्यासाठी नव्हे, माल दाखवण्यासाठी. मुंबई इलाख्यात काय पिकते, काय विणले जाते, कोणते लाकूड, कोणते रंग आणि कोणती खनिजे मिळतात याचे नमुने एका जागी मांडावेत, म्हणजे व्यापाऱ्यांची सोय होईल, हा सरकारचा हेतू. १८५५च्या सुमारास मुंबईच्या कोटातील जुन्या बराकीत असा संग्रह जमू लागला. दोनच वर्षांत उत्तरेत उठाव झाला, बराकी सैन्याला हव्या झाल्या आणि नमुन्यांची नासधूस झाली. तेवढ्यावरच हा प्रकार संपला असता, पण डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी तो उचलून धरला, लोकवर्गणी उभी केली. २ मे १८७२ रोजी भायखळ्याला राणीच्या बागेत संग्रहालयाची स्वतंत्र इमारत लोकांसाठी खुली झाली. तिचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ साली तिला भाऊ दाजींचे नाव मिळाले, आणि ते उचितच होते.

या संग्रहालयात मुंबईतल्या जातीजमातींची, त्यांच्या पागोट्यांची आणि धंद्यांची मातीची छोटी चित्रे आहेत. गोऱ्या अधिकाऱ्याला ‘नेटिव’ माणूस प्रकार-प्रकाराने ओळखता यावा म्हणून ती घडवली गेली. आज तीच चित्रे शहराच्या इतिहासाचे साधन झाली आहेत, कारण त्यातली कित्येक पागोटी आणि कित्येक धंदे आता फक्त तिथेच उरले आहेत. संग्रहालयाच्या वस्तू ज्या कारणासाठी जमवल्या जातात त्याच कारणासाठी पुढे पाहिल्या जातात असे नाही.

त्याच आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी बेटाला जे नाव दिले ते या हत्तीवरून. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, पण चढवताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले गेले आणि पुढे १९१४ साली जोडून पुन्हा हत्ती उभा करण्यात आला. यारी धड असती तर तो आज लंडनमधल्या एखाद्या दालनात असता. अपघाताने तो मुंबईत राहिला, तरी घारापुरीला मात्र परतला नाही. लेण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशाला बेटाचे नाव कुठून आले हे सांगणारी मूळ वस्तू त्या बेटावर नाही.

अजिंठ्याची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. भिंतीवरची चित्रे उचलून नेता येत नव्हती, म्हणून त्यांच्या नकला नेल्या गेल्या. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे लेण्यांत बसून तैलरंगात प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. मग जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून कामाला लागले. त्यांच्याही प्रतिकृती लंडनला गेल्या आणि १८८५च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच गेल्या. गळणारे छत, वटवाघळे, धूर आणि पुढे चढवलेले वार्निश सोसूनही मूळ चित्रे मात्र आपल्या जागी राहिली.

नागपूरला १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. तत्कालीन मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळातली ही संस्था लोकांनी ‘अजब बंगला’ या नावाने ओळखली आणि आजही ओळखतात. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम बरेच नंतरचे. त्याची पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली. जॉर्ज विटेट यांनी आखलेली इमारत तयार झाली तेव्हा महायुद्ध सुरू होते, म्हणून तिथे आधी लष्करी रुग्णालय चालले आणि संग्रहालय लोकांना १९२२ सालच्या जानेवारीत पाहायला मिळाले. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. रतन टाटा, दोराबजी टाटा अशा धनिकांचे संग्रह तिथे आले. भव्य इमारत, उत्तम संग्रह, पण वस्तू देशभरच्या आणि देशाबाहेरच्याही. प्रांताचा इतिहास सांगण्याचे काम अशा संग्रहालयाकडून अंशतःच होणार होते.

ते काम वेगळ्या बाजूने सुरू झाले, आणि सुरुवात एका समाधीपासून झाली. १८१८ साली मराठी राज्य गेले तेव्हा इंग्रजांनी किल्ल्यांचा धोका मुळातूनच काढून टाकला. कॅप्टन ब्रिग्ज यांच्या फौजेने नाशिक भागातल्या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग, कुलंगसारख्या गडांवर चढणारे गिर्यारोहक आजही त्या तुटलेल्या पायऱ्यांपाशी दोर लावतात. रायगडावर त्याच वर्षी तोफांचा मारा होऊन वाडे जळाले. पुढची साठ-पासष्ट वर्षे गड ओसाड होता. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिले आणि मराठी वृत्तपत्रांना ते झोंबले. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून निधीची हाक दिली, लहान-लहान रकमांच्या वर्गण्या जमू लागल्या, १८९६ साली रायगडावर उत्सव झाला. समाधीच्या चौथऱ्यावरची छत्री उभी राहायला १९२०चे दशक उजाडले. हे सगळे राजकारण होते, यात शंका नाही. पण सरकारने जपायच्या स्मारकासाठी सामान्य माणसाने पैसे देणे ही गोष्ट महाराष्ट्रात तेव्हापासून रूढ झाली.

दगडापाठोपाठ कागद आले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतपूर्वीच्या दशकातल्या पत्रव्यवहाराचा तो खंड होता. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. त्यांसाठी राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यावरच्या दप्तरांचे रुमाल सोडवत, वाळवी आणि उंदरांच्या आधी कागदांपर्यंत पोचण्याच्या खटपटीत. देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घरी मोडी कागद होते, पण ते द्यायचे कोणी? वतनाचा पुरावा परक्याच्या हाती गेला तर वाद उभा राहायचा, ही भीती खरी होती. मागून मिळत नाही तिथे नक्कल करून घ्यायची, ही राजवाड्यांची रीत. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. मंडळात आज मराठी, फारसी, पोर्तुगीज कागदांचे लाखो तुकडे आहेत, शिवाय नाणी, चित्रे, शस्त्रे. राजवाडे १९२६ साली गेले. पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ निघाले आणि त्यांचा संग्रह तिथे राहिला.

साताऱ्याला याच काळात दत्तात्रय बळवंत पारसनीस होते. राजवाड्यांचा स्वभाव भांडखोर, पारसनीसांचा मनमिळाऊ. राजवाडे फकिरासारखे हिंडत, पारसनीस संस्थानिकांशी आणि इंग्रज अधिकाऱ्यांशी स्नेह जोडत. त्यामुळे जिथे राजवाड्यांना दार उघडत नव्हते तिथून पारसनीसांना चित्रे आणि दुर्मिळ कागद मिळाले. १९०८ पासून त्यांनी ‘इतिहास संग्रह’ मासिक चालवले आणि साताऱ्याला आपल्या संग्रहाचे ऐतिहासिक संग्रहालय उभे केले. त्यांच्या निधनानंतर १९३९ साली संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवला गेला. अभ्यासकांची सोय झाली. साताऱ्याची गैरसोय झाली. मराठ्यांच्या राजधानीला स्वतःचे संग्रहालय पुन्हा मिळायला त्यानंतर तीस वर्षे लागली.

साताऱ्याजवळच्या औंधला मात्र संग्रह गावातच राहिला. संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. ‘चित्ररामायण’ त्यांनीच काढले. १९३८ साली यमाई देवीच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी संग्रहालय उघडले. रविवर्मा, धुरंधर, पहाडी शैलीतली लघुचित्रे, युरोपी चित्रांच्या हाताने केलेल्या नकला आणि हेन्री मूर यांचे दगडी ‘आई आणि मूल’ असा संग्रह एका दुष्काळी मुलखातल्या छोट्या गावात आहे. याला प्रादेशिक इतिहास म्हणावे का, असा प्रश्न पडू शकतो. पण त्या काळच्या संस्थानिकाची रुची काय होती, त्याला प्रजेपुढे काय ठेवावेसे वाटले, हा औंधच्या इतिहासाचाच भाग आहे. देवीच्या दर्शनाला आलेला शेतकरी येता-जाता मूर पाहून जातो. अशी सोय मुंबईलाही फारशी नव्हती.

कोल्हापुरात संग्रहालयाला जमिनीनेच सामग्री पुरवली. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात तांब्याच्या भांड्यांत ठेवलेल्या ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची रोमन मूर्ती होती. १९४५–४६ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रीय उत्खनन केले आणि सातवाहन काळातल्या वस्तीचे थर उघडे पडले. या वस्तू कोल्हापुरातच राहिल्या. आज त्या टाउन हॉलच्या इमारतीत आहेत. टेकडी संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पोसायडन कुठल्या घाटावर उतरला असेल याचा अंदाज पाहणाऱ्याला स्वतः बांधता येतो.

जमिनीतली वस्तू, ती जमवणारा माणूस आणि तिचे गाव हे सगळे एकत्र कुठे पाहायचे असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावे लागते. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या ग्रंथात, म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर असल्याचे आणि तिथून कापड, मलमल वगैरे माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे म्हटले आहे. मराठी माणसाला हे गाव गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक असते. गोरा कुंभार जिथे माती तुडवत होते त्याच मातीत त्यांच्या हजार-बाराशे वर्षे आधीच्या कुंभारांची कामगिरी गाडलेली होती. तेरणेच्या काठावरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांतून दर पावसाळ्यात मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. शेतात नांगर लागला की खापरे निघत.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू गावात राहून वर्षानुवर्षे गोळा केल्या. पुरातत्त्वाचे कोणतेही शिक्षण नसताना त्यांनी जे ओळखले ते असे की या वस्तूंना किंमत आहे, आणि ती किंमत बाजारातली नव्हे. पांढऱ्या शाडूच्या साच्यातून काढलेल्या स्त्रीमूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके, मद्याच्या रोमन कुंभांचे तुकडे, शंखाची आणि हस्तिदंताची कामे हजारोंच्या संख्येने जमली. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती होती. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशीच एक भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती सापडली होती. दोन्हींचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले. पुढे भोकरदनच्या उत्खननातही तशी मूर्ती मिळाली, आणि पाँपेईची मूर्ती मराठवाड्याच्या परिसरात घडली असावी असे काही अभ्यासक मानू लागले. नेपल्सच्या संग्रहालयातल्या वस्तूचे कोडे सोडवण्याची एक किल्ली अशा रीतीने तेरमध्ये सापडली. लामतुरे यांनी ती मूर्ती एखाद्या दलालाला विकली असती तर ती ‘दख्खन, अंदाजे पहिले शतक’ अशा मोघम चिठ्ठीखाली कुठेतरी काचेआड गेली असती.

तरी लामतुरे संग्रहाची एक मर्यादा होती, आणि ती प्रत्येक हौशी संग्रहाची असते. वस्तू पृष्ठभागावरून उचललेल्या, त्यामुळे त्या कोणत्या थरातल्या आणि कोणत्या वस्तूंच्या सोबतच्या हे सांगता येत नव्हते. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी आणि नंतर इतरांनी केलेल्या उत्खननांनी थरांचा क्रम लावून दिला. मग आधी जमलेल्या वस्तूंनाही आपापल्या काळाची जागा मिळाली. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि त्याचे संग्रहालय तेरमध्येच उभे राहिले. विटांचे जुने, चैत्यगृहासारख्या पाठीचे त्रिविक्रम मंदिर त्याच गावात आहे आणि आजही पूजेत आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांचा असाच संग्रह झाला. मराठवाड्याच्या प्राचीन इतिहासाची मांडणी अशा माणसांनी आधी जमवून ठेवलेल्या सामग्रीवरच झाली आहे, हे विद्यापीठीय ग्रंथांत बहुधा एखाद्या तळटीपेत सापडते.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचा मार्ग आणखी वेगळा. चष्म्याचे दुकान चालवणारा आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा हा गृहस्थ सुरुवातीला शस्त्रांच्या मागे होता. नंतर त्यांची नजर घरातल्या वस्तूंकडे वळली. अडकित्ते, पानदाने, लामणदिवे, समया, फण्या, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री, दौती, कुलपे, दारांच्या चौकटी आणि स्वयंपाकघरातली भांडी अशा वस्तू देशभर फिरून त्यांनी घेतल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालयाचे नाव ठेवले आणि १९७५ साली सगळे राज्य शासनाला दिले. वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी थोड्याच मांडता येतात, बाकीच्या कोठीत आहेत. लढाया आणि तहांच्या इतिहासात ज्या बाईचा कुठेच उल्लेख नसतो तिच्या हातातल्या वस्तूंना इथे पहिली जागा मिळाली, ही केळकरांची खरी कामगिरी. वस्तू कोणत्या गावातून आणि कोणाच्या घरातून आली याचे तपशील मात्र अशा मोठ्या संग्रहांत सगळीकडे सारखे मिळत नाहीत. जमवणाऱ्याच्या डोक्यात जे होते ते सगळे वहीत उतरतेच असे नाही.

कायदा या सगळ्याच्या मागून चालत आला. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाची खबर सरकारला द्यावी, हा नियम १८७८चा. स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा १९०४चा, स्वतंत्र भारतातला केंद्राचा १९५८चा आणि महाराष्ट्राचा १९६०चा. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी घालणारा आणि नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९७२चा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ साली, प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार शिल्पे मिळाली. एकत्रित वजन साठ किलोंहून जास्त. ती वितळली गेली नाहीत, हीच मोठी गोष्ट. पण ती उत्खननात मिळालेली नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले, आणि ती दायमाबादलाही राहिली नाहीत. ज्या गावाने भारताच्या धातुकलेतला एक मोठा शोध दिला त्या गावात आज पाहायला मिळते ते फक्त पांढरीचे टेकाड.

वस्तूबरोबर तिची हकिकत टिकली नाही तर काय होते, याचे ताजे उदाहरण साताऱ्याचे. तिथे १९७० साली छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय सुरू झाले. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि आधी तिथे ठेवण्यात आली. ती १८१८ नंतर साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या आणि पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. सोबतच्या पेटीवरचा मजकूर ती शिवाजी महाराजांची आणि ग्रँट डफना पेशव्यांच्या प्रधानाकडून मिळालेली असल्याचे सांगतो. पण १६५९ सालच्या प्रतापगडच्या प्रसंगात वापरलेली वाघनखे तीच, हे सिद्ध करता येत नाही असे लंडनचे संग्रहालय स्वतःच सांगते. मधल्या दीडशे वर्षांत ती कोणाकडे होती याची नोंद नाही. साताऱ्यात लोकांनी रांगा लावून त्यांचे दर्शन घेतले. भक्ताला हकिकतीची गरज नसते, इतिहासाला असते, आणि संग्रहालयाला एकाच दालनात दोघांनाही सामावून घ्यावे लागते.

संग्रहालयाकडे लोक येतात तसेच संग्रहालयानेही लोकांकडे जावे, हा विचार अलीकडे वाढला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून फिरते संग्रहालय असलेली बस शाळांपर्यंत न्यायला सुरुवात केली. जिल्ह्यातल्या शासकीय संग्रहालयांची अडचण मात्र जुनीच आहे. रिकामी पदे, कमी प्रकाश, आणि ‘मूर्ती, दगड, अंदाजे १२वे शतक’ एवढ्यावर थांबणाऱ्या पाट्या. मूर्ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली हे लिहिले असते तर त्या गावचा माणूस तिथे थांबला असता.

किल्ल्यांची स्थिती संग्रहालयातल्या वस्तूंपेक्षा वेगळी आहे, कारण ते हलवता येत नाहीत. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, जिंजी तमिळनाडूतला. यांतले आठ केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी व प्रतापगड हे चार राज्याच्या संचालनालयाकडे. बाराही किल्ले सारख्या प्रकारचे नाहीत. साल्हेरवर वस्ती नाही. सिंधुदुर्गात माणसे राहतात आणि शिवराजेश्वराच्या मंदिरात नित्य पूजा होते. पन्हाळा तर अख्खे गाव आहे, शाळा-बाजारासकट. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट आहे. ओसाड गडावर हा नियम कागदावर राहतो. पन्हाळ्यावर तो घराच्या दुरुस्तीपर्यंत येऊन पोचतो, आणि यादीत नाव जाण्याआधी तिथल्या रहिवाशांनी जी काळजी व्यक्त केली ती याचीच होती. गडकोटांवर सुटीच्या दिवशी टाक्यांतला गाळ काढणारी, ढासळलेले दगड जागी लावणारी तरुण मंडळे आता शेकड्याने आहेत. खात्याच्या परवानगीने आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम झाले तर ते उपयोगी पडते. तसे झाले नाही तर गाळाबरोबर थरही निघून जातात आणि तेरच्या टेकाडांवर जो पुरावा हरवला तोच इथेही हरवतो. म्हणून टाक्यातून निघालेली खापरे, नाणी, तोफगोळे कोणत्या टाक्यातून आणि किती खोलीवरून मिळाले हे लिहून ती जिल्ह्याच्या संग्रहालयाकडे सोपवण्याची रीत काही मंडळांनी पाडून घेतली आहे.